एका बोटाची ढील

आमच्या घरात तोंड उघडायच्या आधी विचारावं लागे, कितवा फेरा चाललाय. विचारायचंही हातानेच. मी दारातून बोटं नाचवायची, अब्बा तार गुंडाळायच्या लाकडी फर्म्याचा दांडा फिरवता फिरवता भुवई वर करायचे, आणि भुवई वर गेली म्हणजे समजायचं की तीस ओलांडले, आता जीभ दाताखाली ठेव. जळालेल्या मोटरीत नवी तार भरायचं आमचं दुकान. एका कॉइलला तारेचे चाळीस-पंचेचाळीस फेरे, एका मोटरीत अशा कितीतरी कॉइली, आणि मध्येच कुणी शिंकलं, मोजणी चुकली, की सगळं उलगडून पुन्हा एकपासून. त्यामुळे नंदुरबारातलं आमचं दुकान आणि दुकानामागची आमची खोली मिळून जी शांतता होती, ती कबरस्तानातसुद्धा नसेल. तिथे निदान कावळे तरी ओरडायचे. आमच्या पत्र्यावर कावळे यायचे, वाकून अब्बांकडे बघायचे आणि चोच मिटून उडून जायचे. खोटं वाटत असेल तर त्या कावळ्यांना विचारा.

आणि अशा घरात अल्लाने मला पाठवलं. माझी जीभ, असं म्हणतात, माझ्या आधी दोन दिवस जन्माला आली. अम्मी होती तोवर तिला काम होतं, कारण घराचे दोन भाग होते. अब्बा तार गुंडाळायचे तेव्हा घर गप्प, आणि अम्मी त्या कॉइली मोटरीच्या खाचांत भरायला बसली की घर बोलायला लागे. भरताना मोजावं लागत नाही, नुसती बोटं चालवावी लागतात. अम्मीची बोटं आणि तोंड एकाच पट्ट्यावर चालायची. तिच्या उजव्या हाताचं पहिलं बोट वाकत नसे. माहेरी लहान असताना मिरची कांडायच्या चक्कीच्या पट्ट्यात ते सापडलं आणि तेव्हापासून सरळच राहिलं. जेवताना चार बोटं भातात आणि ते एक ताठ बाहेर, जणू समोरच्याला स्टेशनचा रस्ता दाखवतेय. मला ती सांगायची की त्या बोटात एक जिन्न राहतो आणि बोट वाकवलं तर त्याचं डोकं छताला लागतं. मी हे शाळेत सगळ्यांना सांगितलं. अर्ध्या वर्गाने विश्वास ठेवला, उरलेल्या अर्ध्याने घरी येऊन बोट बघितलं आणि मग विश्वास ठेवला. मी दुसरीत असताना अम्मी तापाने गेली. पुढे अब्बाच गुंडाळायचे आणि अब्बाच भरायचे, दोन्ही गप्प राहून. भरताना बोलायला काही हरकत नव्हती, पण त्यांच्याकडे बोलायला काही नव्हतं, किंवा माझ्याशी नव्हतं. मी जवळ जाऊन बसायची, ते थोडे सरकून मला जागा द्यायचे, आणि तेवढंच.

जेवण बनवायचेही तेच. रोज खिचडी. शुक्रवारी भरीत आणि ज्वारी-उडदाची कळण्याची भाकर. भरिताची वांगी अब्बा चुलीवर भाजत नसत. वार्निश दिलेल्या मोटरी सुकवायला दुकानाच्या मागे एक मोठं पत्र्याचं पिंप होतं, खाली निखारे, वर झाकण. मोटर बाहेर काढली की त्याच उष्णतेत वांगी आत. त्या भरिताला वार्निशचा असा वास यायचा की मला खात्री आहे, माझ्या आतड्यांवर आजही चकचकीत थर असेल. म्हणूनच पासष्टी ओलांडली तरी मला विजेचा धक्का बसत नाही. गावाबाहेर मिरच्यांच्या पथाऱ्या पसरल्या की वाऱ्याने ठसका घरात यायचा, आम्ही बापलेक समोरासमोर बसून नाकाडोळ्यांतून पाणी गाळत जेवायचो, आणि बघणाऱ्याला वाटावं की या घरात आजच कुणी गेलंय. एकदा शेजारची बाई खरंच सांत्वनाला आली होती. मी तिला बसवून घेतलं आणि मिरचीचं कारण मुद्दाम सांगितलं नाही. अर्धा तास तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. तेवढा अर्धा तास मी अगदी जीव लावून रडले.

बोलायला कुणी नसलं की माणूस कुणाशीही बोलतो. मी कॉइलींशी बोलायची. जळालेली मोटर आली की अब्बा तिच्यातली एक कॉइल न तोडता, अखंड काढायचे. तो नमुना. त्याचे फेरे मोजायचे, तारेची जाडी बघायची आणि ती भंगाराच्या पेटीत टाकायची. मी पेटीतून उचलायची. खिळ्यांवर टांगून मी त्यांचं अख्खं खानदान केलं होतं. एक फुफू म्हणजे आत्या, तीन मामू, एक नवरी, एक दूर नवापूरला दिलेली बहीण जी कधीच माहेरी येत नाही. काळ्या पडलेल्या, जळका वास येणाऱ्या त्या तांब्याच्या माळांचं रोज सकाळी मी एकमेकींशी भांडण लावून द्यायची आणि शाळेतून आले की मिटवायची. नटायचं असलं तर त्याच डोक्यात घालायची. तिथे एक गंमत होती. ज्या मोटरी कंपनीतून आल्या तशाच पहिल्यांदा जळून आलेल्या असत, त्यांची कॉइल माझ्या कपाळावर अडकायची, मुकुटासारखी. आणि ज्या मोटरीत पूर्वी अब्बांनी तार भरलेली असे, ती कॉइल कान ओलांडून सरळ गळ्यात पडायची. मुकुट घातला की मी राणी, हार पडला की मी नवरी. कित्येक महिने मी राणी आणि नवरी खेळले, आणि माझ्या डोक्याने काय मोजून ठेवलंय ते माझ्याच डोक्यात आलं नाही.

हे सगळं आज आठवायला कारण अनिल. अनिल स्टेशन ते बसस्टँड बॅटरीची रिक्षा चालवतो. गेल्या आठवड्यात तो मोटर पोत्यात घालून माझ्याकडे आला. "मावशी, हिच्यावर पापड भाजून निघतो. आणि चार फेऱ्यांत बॅटरी खलास." एका दुकानात तिला नवी तार भरून घेतल्यापासून हे सुरू झालं होतं. मी मोटर उघडली आणि वास घेतला. हल्ली या बॅटरीच्या गाड्यांवर शिबिरं भरतात. अशाच एका शिबिरात, माझ्या नातवाच्या वयाचा एक साहेब पडद्यावर चित्रं दाखवून आम्हा म्हाताऱ्या मिस्तऱ्यांना सांगत होता की तांब्याचा जो भाग लोखंडाच्या खाचेत असतो तोच मोटर फिरवतो. खाचेबाहेर जे वळण घेऊन तार दुसऱ्या खाचेत जाते, ते वळण काही काम करत नाही. ते नुसतं तापतं. ते जितकं लांब तितकी वीज फुकट. पंपाच्या मोटरीला वीज खांबावरून येते, तिथे ही उधळपट्टी खपून जाते. गाडीने आपली वीज पोटाशी बांधून आणलेली असते, म्हणून तारेत वाया गेलेली ऊब म्हणजे न चाललेला रस्ता. मी आ वासून ऐकलं, जणू आयुष्यात पहिल्यांदाच कळतंय. साहेब खूश झाला. त्याला काय माहीत की हे मला सातवीत असताना कळलं होतं, आणि ते कळण्यासाठी मी काय कापून टाकलं होतं.

तो उन्हाळा. प्रकाशा गावचे दंगल आबा तापीकाठचे मोठे पपईवाले. आबा एवढे आडवे की ट्रॅक्टरवर बसले की ट्रॅक्टर दिसत नसे, आबाच रस्त्याने घरंगळत आल्यासारखे दिसत. त्यांची पाच घोड्यांची, म्हणजे पाच हॉर्सपॉवरची, मोटर अब्बांनी भरून दिली, ती पंधरा दिवसांत जळली. पुन्हा भरली, दहा दिवसांत जळली. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. अब्बांच्या मोटरी वर्षानुवर्षं चालायच्या. पण त्या वर्षी नदीकाठी इतके पंप बसले की तारांमधून येता येता विजेचा दम निघून जाई. आबांच्या घरातला दिवा लागलाय की विझलाय यावरून त्यांच्या दोन सुनांचं भांडण होई, असं आबाच सांगत. आणि दाब कमी पडला की मोटर हट्टाने जास्त करंट ओढते. करंट दुप्पट झाला तर तारेची ऊब दुप्पट नाही, चौपट होते. हे सगळं आज सांगतेय. तेव्हा एवढंच दिसत होतं की ट्रॅक्टर तिसऱ्यांदा दुकानापुढे थांबलाय.

"मिस्तरी," आबा उतरायच्या आधीच गरजले, "हाई मोटर मन्ही शे का तुन्ही? मन्हा इहीरवर कमी आनि तुन्हा दुकानमा जास्ती ऱ्हास!"

अब्बांनी मोटर उतरवून घेतली.

"मी काय करं नही? इहीर उपसी, नवा स्टार्टर लाया. नळी वडले वळसा घालीसन जात व्हती, ती बी सरळ करी टाकी. नळी जितली लांबी तितला पान्याना जोर मरस, इतलं ते माले बी समजस." आबा खाटेवर बसले, खाट कण्हली. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "बाग मरी ऱ्हायना मन्हा, मिस्तरी. पानं लोंबी गयात. आते एक डाव कर. परत जळनी ना, ते मी एकटा नही, आख्खं परकाशं दुसराकडे जाई."

"बना देता, आबा," अब्बा म्हणाले. त्या आठवड्यातले त्यांचे ते पहिले तीन शब्द असावेत, आणि तेही आबांच्या वाट्याला गेले.

आबा अर्धा माठ पाणी पिऊन गेले. अब्बांनी मोटर उघडली, नमुन्याची कॉइल काढली, मोजली, पेटीत टाकली. मी उचलली आणि सवयीने डोक्यात घातली. कान ओलांडून गळ्यात. आणि तिथे, खरं सांगते, माझ्या डोक्यात आबांची नळी शिरली. वडाला वळसा घालून जाणारी नळी. मी खिळ्यावरून फुफू काढली. ती कंपनीची, अशाच मोटरीची. ती कपाळावर. मग गळ्यातली. मग कपाळावरची. मोटर तीच, फेरे तेवढेच, आणि अब्बांची तार दर फेऱ्याला एवढी लांब चालतेय. कशाला? अब्बा फेऱ्यांचे पक्के होते, त्यांनी आयुष्यात एक फेरा कमी-जास्त केला नाही. पण ते नमुन्याचे फक्त फेरे मोजायचे. त्याची लांबी कधी बघतच नसत. कॉइल गुंडाळायचा त्यांचा एक सागवानी फर्मा होता, मी पाळण्यात असल्यापासूनचा, आणि पाच घोड्यांची कुठलीही मोटर येवो, कॉइल त्याच फर्म्यावर व्हायची.

मी दुकानात धावले. अब्बा दांडा फिरवत होते. भुवई वर होती. आणि मी, ज्या घरात शिंकसुद्धा गिळतात त्या घरात, मोठ्याने म्हणाले, "अब्बा, फर्मा बड़ा है."

हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, त्या पत्र्यावरच्या कावळ्यांकडे बघायचे तसं. मग एकेक फेरा उलगडायला लागले. कुणाची मोजणी मोडावी आणि त्याने रागावू नये, समोर बसून नुसतं एकेक फेरा उलगडावा, याहून मोठी शिक्षा मला ठाऊक नाही. मी तिथेच उभी राहून त्यांना कपाळावर मुकुट घालून दाखवला, मग गळ्यात हार घालून दाखवला. आबांची नळी सांगितली. वड सांगितला. हातवारे करताना हार मध्ये येऊ लागला, म्हणून तो काढून त्यांच्यापुढे ठेवला. अब्बांनी तो उचलून कंपनीच्या कॉइलशेजारी धरला. बराच वेळ दोन्हीकडे बघत राहिले. त्यांना समजलं होतं. मला आज शंका येते की त्यांना माझ्या फार आधीपासून माहीत होतं.

"फर्मे को हाथ नहीं लगाना," ते म्हणाले, आणि दोन्ही कॉइली पेटीत टाकल्या.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. अब्बा नमाजला गेले आणि मी करवत घेतली. हट्ट म्हणा, आबांच्या पपया म्हणा. खरं कारण म्हणजे मी इतकी वर्षं ज्या घरात गप्प बसले होते त्या घरात मला एकदा तरी काहीतरी मोठ्याने म्हणायचं होतं, आणि करवतीचा आवाज मोठा असतो. फर्म्याच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या सोडवल्या. मधला ठोकळा उघडा पडला. पट्टीखाली झाकल्या जाणाऱ्या बाजूला, अगदी टोकाशी, पेन्सिलीची एक जुनी रेघ होती. लांबट, डोक्याशी गोल, दोन बाजूंनी खाली येणारी. सुतारकामाची काहीतरी खूण असेल म्हणून मी बरोबर तिच्या आतल्या बाजूने करवत चालवली. पेटीतून पुन्हा काढलेली फुफू ठोकळ्यावर चढेना, आणखी घासला. पुन्हा चढवली, पुन्हा घासला. सगळं नंदुरबार त्या दिवशी माझ्या कानशीचा आवाज ऐकत जुम्म्याची नमाज पढलं असणार. शेवटी फुफू ठोकळ्यावर अशी बसली की जणू तिथेच जन्मली होती.

अब्बा आले. भुसा बघितला. ठोकळा बघितला. मग वाकून त्यांनी ती कापून पडलेली चकती उचलली, तिच्यावरचा भुसा अंगठ्याने पुसला आणि कुर्त्याच्या खिशात टाकली. त्यांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर निदान आवाज झाला असता.

पुढचे चार दिवस मला चार वर्षांसारखे आठवतात. यात अतिशयोक्ती नाही. माझ्या बाकीच्या आयुष्यात आहे, इथे नाही. फर्मा एकच होता, आणि आबांची बाग सुकत होती. म्हणून अब्बांनी त्याच कापलेल्या फर्म्यावर कॉइली गुंडाळल्या. पूर्वी ते गप्प असायचे तेव्हा निदान मोजत असायचे, हे मला कळायचं. आता ते दांडा सोडून नुसते बसले तरी गप्पच. खिचडी पुढे यायची. मी खायची. मी माझ्या खानदानाशीही बोलेनाशी झाले, कारण फुफूकडे बघवत नव्हतं. तिच्यामुळेच हे झालं, असं मी तिला एकदा तोंडावर सांगितलं, आणि तिने, नेहमीप्रमाणे, ऐकून घेतलं.

मग कॉइली भरायची वेळ आली. आणि तेव्हा मला कळलं की मी काय करून बसलेय. मोठी कॉइल खाचेत घालणं म्हणजे ढिला सदरा घालणं. बाहेर जागा असते, तार वाकते, सरकते, बोट मागे फिरवता येतं. ही आखूड कॉइल म्हणजे गेल्या वर्षीचा सदरा. एक बाजू बसली की दुसरी ताणायची. तार खाचेच्या काठाला घासून तिचा मुलामा सोलला तर मोटर पहिल्याच दिवशी जळणार. अब्बांची बोटं जाड, भाजून भाजून कडक झालेली. त्यांनी दोन कॉइली भरल्या आणि दोन्ही बाहेर काढाव्या लागल्या. तिसऱ्या वेळी नखाच्या कडेतून रक्त आलं. मी काही न विचारता मोटरीच्या दुसऱ्या बाजूला बसले आणि त्यांचा हात बाजूला केला. बारीक बोटं पुढे घालून तारा एकेक करून, केस विंचरल्यासारख्या, मी खाचेत उतरवल्या. बोट वाकवायचं, तारेखाली घालायचं, वर ओढायचं. सगळं काम त्या वाकण्यात होतं. वरून बांबूची पट्टी ठोकली. मग पुढची. दोन दिवस लागले. माझ्या बोटांची कातडी इतकी गेली की पुढे महिनाभर माझे ठसे उमटत नव्हते. त्या महिन्यात मी चोरी केली असती तर कुणाला सापडले नसते. अब्बा समोर बसून खाचेत घालायचा पिवळा कागद कापून देत राहिले. एकदा त्यांनी माझा हात हातात घेतला, बोटं बघितली, आणि पुन्हा ठेवला.

मोटर लावायला आम्ही दोघं आबांच्या ट्रॅक्टरवर बसून प्रकाशाला गेलो. भर दुपार होती. पपईची झाडं माना टाकून उभी. विहिरीवर आबा, आबांची दोन पोरं आणि शेजारच्या मळ्यातले पाचसहा जण जमलेले, कारण मोटर जळताना बघायला सगळ्यांनाच आवडतं. अब्बांनी स्टार्टर दाबला. मोटर गुरगुरली, नळी थरथरली, पाणी आलं. पाणी तर मागच्या खेपेसही आलं होतं. सगळे मोटरीभोवती बसून राहिले, जणू तिला ताप आहे आणि तो उतरायची वाट बघायचीय. तास गेला. दुसरा गेला. माझं लक्ष पाण्याकडे नव्हतं. मी अब्बांकडे बघत होते. ही जळली तर फर्माही गेला, दुकानही गेलं, आणि ते माझ्याशी पुन्हा कधी बोलणार नाहीत, एवढं मला स्पष्ट दिसत होतं.

आबा उठले. मागच्या खेपेला त्यांनी मोटरीवर हात ठेवला होता आणि तळव्याला फोड आला होता, म्हणून या वेळी त्यांनी फडक्यातली भाकर काढली आणि मोटरीच्या पाठीवर ठेवली. आम्ही सगळे भाकरीकडे बघत बसलो. थोड्या वेळाने त्यांनी ती उचलून गालाला लावली.

"मायन्यान! भाकर बी तपी नही," आबा म्हणाले. मग अख्खा पंजा मोटरीवर ठेवला आणि तसाच ठेवला. "दखा रे, कशी कोमट शे. वासरूना पोटसारखी. मिस्तरी, काय करं हाई?"

अब्बांनी नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं.

"हाई पोर?" आबांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, ज्याला फार वेळ लागला नाही. "मिस्तरी, मंग तू काय करस? खिचडी?"

लोक हसले. आणि अब्बा हसले. थोडंसंच, मिशीच्या एका बाजूने, पण मी बघितलं. आबांनी मला त्या सुकत्या बागेतली सगळ्यात मोठी पपई दिली. ती माझ्याहून वजनाने जास्त होती, आणि परत येताना ट्रॅक्टरवर तिला बसायला जागा मिळाली, मी उभी राहून आले.

त्यानंतरच्या आठवड्यात आणखी एक मोटर आली, तशीच पाच घोड्यांची. मी शाळेतून आले तेव्हा अब्बा फर्म्यापाशी बसले होते, पण दांडा फिरत नव्हता. माझी वाट बघत होते. मी तारेचा रीळ धरून समोर बसले. दांडा फिरायला लागला. भुवई वर गेली. मी श्वास धरला. मनातल्या मनात मीही मोजत होते. एकोणचाळीस. चाळीस. एक्केचाळीस.

"तेरी अम्मी की उंगली मुड़ती नहीं थी," अब्बा म्हणाले.

दांडा थांबला नाही, त्यांच्याच हाताने तो आपोआप फिरत होता, पण मोजणी केव्हाच तुटली होती. त्यांनी खिशातून ती सागाची चकती काढली आणि माझ्या हातात दिली. "कॉइल भरते वक़्त अटकती थी. रोती थी. बोलती नहीं थी, बस रोती थी. तो मैंने उसकी उंगली लकड़ी पे रखके पेन्सिल घुमाई, और फर्मा उतना ढीला बनाया."

चकतीवर ती रेघ होती. मी तिच्यावर माझं बोट ठेवून बघितलं. रेघ अजून रुंद होती, मला त्या बोटात जायला वेळ होता. मग अब्बा बोलत राहिले. आमच्या घरात एकदम इतके शब्द मी कधीच ऐकले नव्हते. तिने पहिल्या दिवशी त्या ढिल्या फर्म्यावरच्या सहा कॉइली कशा एका बैठकीत भरल्या, आणि भरता भरता त्यांना कुठली थाप मारली, आणि त्यांनी ती कशी खरी मानली. जिन्नाची गोष्टही निघाली. ती तिने माझ्याआधी त्यांना सांगितली होती. तार हातातून सुटून जमिनीवर पसरली होती, एवढी सगळी. मग आम्ही ती गोळा केली आणि अब्बांनी पुन्हा दांडा धरला. "एक," ते म्हणाले, मोठ्याने. "एक," मी म्हणाले.

अनिलची मोटर मी परवा भरायला घेतली. आधीच्या दुकानदाराने कॉइल ढिली केली होती, दोन्ही टोकांना तांब्याचा फुगवटा, आणि एकच जाड तार वापरली होती. या गाड्यांच्या मोटरीत वीज फार भरभर उलटसुलट होते, आणि जाड तारेतून ती मधून चालत नाही, काठाकाठाने चालते, मधलं तांबं नुसतं बसून राहतं. म्हणून बारीक तारा घ्यायच्या, बऱ्याच, एकत्र जुळवलेल्या, म्हणजे सगळं तांबं कामाला लागतं आणि खाचही गच्च भरते. फर्मा मी खाचेला लावून मापून बनवला. एक केसाचीही ढील ठेवली नाही. ज्यांच्यासाठी ठेवायची असती ते आता कुणी नाही. अब्बांना जाऊन खूप वर्षं झाली, पोरं सुरतेला आहेत, आणि पत्र्यावरच्या आताच्या कावळ्यांना कशाचाच धाक नाही. दुकानात मी एकटी. मी मोठ्याने मोजते. रस्त्यावरून जाणारी माणसं समजतात म्हातारी बडबडते, आणि मी त्यांना तसं समजू देते.

सदतिसाव्या फेऱ्यावर अनिल दारात आला. चप्पल काढली, आत वाकून बघितलं. "मावशी, झाली का?"

मी दांडा सोडला. तार भिरभिर मागे उलगडली. तो घाबरला, म्हणाला, "अरे देवा! चुकवलं का मी?"

"बस," मी म्हणाले. "चहा टाकते. ही जी मोटर आहे ना, हिच्या आत एक जिन्न राहतो..."